एल्फचे खांदे आणि घटोत्कचाचे केस

डिजिटल चित्रकाराला सगळ्यात स्वस्तात मिळणारी वस्तू म्हणजे अंगठा. चित्र व्हॉट्सॲपवर टाकलं की मिनिटाभरात पाच-सहा अंगठे येतात, मागून एखादी मावशी गुलाबाचं फूल पाठवते, आणि ज्या काकांनी चित्र उघडूनही पाहिलेलं नसतं ते दोन्ही हात जोडतात.

कोथरूडमधल्या एका तरुणाला हे अंगठे पुरेनासे झाले. दिवसा तो आमरसाच्या डब्यांची आणि बासमतीच्या पिशव्यांची लेबलं करतो; रात्री पेन टॅब्लेट जोडून एल्फ, ऑर्क, ड्रॅगन अशी मंडळी रंगवतो. गेम स्टुडिओत नोकरी हवी तर पोर्टफोलिओ दमदार हवा, आणि त्यासाठी चुका दाखवणारं कुणीतरी हवं. पुण्यात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. त्याला तर हॉलपर्यंतच जावं लागलं.

पहिलं चित्र होतं एका एल्फ वीरांगनेचं. टोकदार कान, रुपेरी केस, पाठीवर जवळजवळ तिच्याच उंचीची तलवार आणि खांद्यांवर डोक्याच्या दुप्पट चिलखत. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "या बाई हात वर कशा करणार?"

प्रश्न रास्त होता. या फुगीर खांद्यांचं मूळ १९९४च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये सापडतं. त्या खेळात सैनिक वरून दिसायचे, तेही पडद्यावर नखाएवढे. माणूस कोणता आणि ऑर्क कोणता हे झटकन कळावं म्हणून खांदे, पंजे, शस्त्रं सगळंच ऐसपैस असणं सोयीचं होतं. २००४मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आलं तेव्हा कॅमेरा खाली उतरून पात्राच्या पाठीमागे उभा राहिला. खांदे मात्र काही उतरले नाहीत. मुलाने हे सगळं समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "वरून बघायचं होतं तोवर ठीक. तू समोरून काढलंयस ना?"

मग त्यांनी तलवारीचा प्रश्न हाती घेतला. पडद्याचा रॉड काढला, 'सकाळ'च्या सुरळीचं म्यान करून ते पंच्याने पाठीवर बांधून घेतलं आणि डाव्या खांद्यावरून रॉड उपसायला सुरुवात केली. हात पूर्ण ताणला तरी वीतभर रॉड आतच. पात्याची लांबी हातापेक्षा जास्त असली की पाठीवरच्या म्यानातून तलवार सुटत नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे सिद्ध केलं. सिद्ध करताना ट्यूबलाइटही गेली, पण ते संशोधनात होतंच. जुन्या काळचे लोक इतकी मोठी तलवार सरळ खांद्यावर टाकून नेत. एल्फनेही मग टाकली.

आईचा आक्षेप आणखी मूलभूत. ती ब्लाउज शिवते. तिने एकच विचारलं, "हे घालते कुठून?" चिलखताला ना हूक, ना बंद, ना फट. "एवढं फिटिंग दाखवलंस तर बाजूला चेन तरी दे. आणि छातीवर एवढा पत्रा ठोकून पोट उघडं का रे? बाण काय पत्ता विचारून येणार?"

मुलगा मुकाट्याने संग्रहालयांतले फोटो शोधायला बसला. पंधराव्या शतकातल्या युरोपी चिलखताचे तुकडे आतल्या जाड अंगरख्याला नाड्यांनी बांधलेले असत आणि उरलेलं काम चामडी पट्टे आणि बकलं करत. पूर्ण चिलखताचं वजन साधारण १५ ते २५ किलो. पण ते अंगभर विभागलेलं असल्यामुळे सराव असलेला माणूस त्यात पळूही शके. पट्टा कुठून निघतो, बकल कोणत्या बाजूला येतं, हे आईने त्याला शिवणाच्या खडूने जुन्या अस्तरावर आखून दाखवलं. काखेखालचा तो पट्टा आता पोर्टफोलिओतला सगळ्यात खरा वाटणारा तपशील आहे.

ड्रॅगनची तपासणी खालच्या मजल्यावरच्या पशुवैद्यांनी केली. "चार पाय आणि वर दोन पंख? पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला हातपाय मिळून चारच. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय." २०११च्या 'स्कायरिम'मधले ड्रॅगन या परीक्षेत पास होतात. त्यांना मागचे दोन पाय आहेत आणि जमिनीवर ते पंख टेकत चालतात. आपल्या पोराचा ड्रॅगन नापास झाला, तेव्हा त्याने राजा रविवर्म्याला साक्षीला बोलावलं. चार हातांच्या लक्ष्मीचं चित्र घरोघर लागलं, तिच्या खांद्याचं हाड कुठे जोडलंय असं कुणी विचारलं का? पशुवैद्य शांतपणे म्हणाले, "देवांचं वेगळं. ते आजारी पडत नाहीत. हा पडला तर माझ्याकडेच आणाल ना?"

प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात ॲपेलीझ नावाच्या ग्रीक चित्रकाराची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हा गडी चित्र रस्त्यावर मांडून मागे लपायचा आणि लोक काय बोलतात ते ऐकायचा. एका मोच्याने चपलेत एक बंद कमी असल्याचं सांगितलं. ॲपेलीझने तो काढला. दुसऱ्या दिवशी खुशीत आलेला मोची पायाबद्दल बोलू लागला, तेव्हा ॲपेलीझने बाहेर येऊन त्याला चपलेच्या वर न जाण्याची समज दिली. ही गोष्ट नेहमी मोच्याला हसण्यासाठी सांगतात. पण बंदाचं त्याच्याशिवाय कुणालाच दिसलं नव्हतं, आणि कोण जाणे, पायाचंही बरोबर असेल.

पायाच्या वरचं पाहायला शेवटी स्टुडिओत काम करणारी एक सीनियर भेटली. तिने काही बोलण्याआधीच चित्र आडवं उलटं केलं. आरशात दिसावं तसं चित्र फिरताच एल्फचा डावा डोळा गालावर घसरला आणि जबडा हनुवटीला सोडून चालला. ही युक्ती सॉफ्टवेअरची नव्हे. आपलं चित्र आरशात पाहा, म्हणजे दुसऱ्याचं असल्यासारखं दिसेल, हा सल्ला लिओनार्दो द विंचीने लिहून ठेवलाय. मग तिने रंग काढून चित्र काळंपांढरं केलं. केस, चिलखत, आभाळ सगळं एकाच राखाडीत बुडालं. मग आकृतीत काळा रंग ओतून नुसती सावली ठेवली. २००७च्या 'टीम फोर्ट्रेस २'मधली नऊच्या नऊ पात्रं अशा सावलीवरून ओळखू येतात. इथे खांद्यांच्या दोन डोंगरांत डोकं सापडेना. वडिलांना जे बांधकामातलं वाटलं होतं, तेच दुखणं निघालं. फक्त तिने त्याला 'सिल्हूट' म्हटलं आणि वडिलांपेक्षा कमी वेळ घेतला.

"आणि हात?" तिने विचारलं. एक हात झग्यात होता, दुसरा ढालीमागे. हात काढायचा कंटाळा असलेल्या चित्रकारांच्या जगात थंडी फार पडते. तिने वर एक नवा लेअर घेतला आणि लाल रेषेत कोपर, मनगट, पाच बोटं चहा येईपर्यंत काढून टाकली. याला 'पेंटओव्हर' म्हणतात. आभार मानावेत की रडावं, हे त्या क्षणी ठरत नाही.

एक अभिप्राय मात्र सगळ्यांनी एकमताने दिला: "आपल्याकडचं काहीतरी काढ की!" यालाही आधार आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' नावाचा खेळ आणला. त्यात सर्कशीत काम करणारी मुलगी त्रिशूळ घेऊन असुरांच्या तावडीतून भावाला सोडवायला निघते. तेव्हा पोराने एल्फ बाजूला ठेवून घटोत्कच घेतला. राक्षस म्हटल्यावर खांद्यांनाही सूट.

एल्फची सोय तेव्हा कळली. एल्फ असा नसतो, असं कोथरूडमध्ये कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. घटोत्कचाला मात्र प्रत्येक जण व्यक्तिशः ओळखत होता. अमर चित्रकथा वाचलेले, १९८८ची दूरदर्शनवरची मालिका पाहिलेले, कीर्तनं ऐकलेले, सगळे पुढे सरसावले. मिशी हवी, मिशी नको, कुंडलं मोठी कर, आई हिडिंबा आहे तर रंग इतका उजळ कसा? शेवटी आजोबा म्हणाले, "केस कशाला काढलेस? आदिपर्वात त्याचं डोकं घड्यासारखं तुळतुळीत सांगितलंय."

पोथी उघडून पाहिली. आजोबा बरोबर होते. ते केस म्हणजे त्याने आजवर रंगवलेली सर्वांत देखणी गोष्ट होती. एकेक बट वेगळ्या ब्रशने सोडवलेली. नशिबाने सगळे केस एका लेअरवर होते. त्याने लेअरशेजारचा छोटा डोळा मिटला आणि घटोत्कचाचं मुंडण झालं.

सगळ्यांनी निरखून पाहिलं. आई म्हणाली, मिशी ठेवली ते बरं झालं. वडील म्हणाले, प्रमाणं जमली आहेत. पशुवैद्य हळूच म्हणाले की हा हुबेहूब आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखा दिसतोय, आणि त्यानंतर कुणालाच दुसरं काही दिसेना. पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडेच अडकलेला असल्यामुळे आता मिशी काढावी की घटोत्कचच बदलावा, यावर घरात दोन तट पडले आहेत.