मेळावेकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं. ‘मेळावेकर’ हे वाळपईच्या बसस्टँडने ठेवलेलं. गोव्यात कुठंही रोजगार मेळावा असो, पहाटेच्या गाडीत मागच्या बाकावर गृहस्थ हजर. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाईल, आत बायोडेटाच्या पंधरा झेरॉक्स, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कागदात बांधलेला भाजीपाव.

वडलांचा ट्रक पिसुर्ल्याच्या खाणीवर होता. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात येऊन उभा राहिला आणि कोंबड्या त्याच्या हौद्यात अंडी घालू लागल्या. तेव्हापासून मेळावेकर नोकरी शोधतायत. शोधण्यात मात्र त्यांचा हात धरणारा अख्ख्या सत्तरी तालुक्यात नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर मेगा जॉब फेअर भरवला, तेव्हा आम्ही नवखे दाराशीच रांग धरून उभे.

“अरे बाबांनो, दाराकडचं टेबल म्हणजे चतुर्थीचा माटोळी बाजार! थेट शेवटाला जा नि उलटे या. पहिली मुलाखत नको असलेल्या कंपनीला द्या, जीभ सुटते. जेवणाच्या तोंडावर कुणापुढे बसू नका, भुकेला साहेब पगार कमी सांगतो. उठताना त्याचं नाव विचारा, आठव्या दिवशी फोन करा.”

सगळं खरं निघालं. शेजारची पोरगी त्यांच्या सांगण्याबरहुकूम वागली, ती आता मोपाच्या विमानतळावर आहे. पेढे घेऊन आली, तर यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, “कायम की कंत्राटी?”

घोडं तिथंच अडतं. टेबलापाशी बसले की मुलाखत हेच घेतात. पेन्शन आहे? काजूच्या मोसमात रजा? पलीकडचा पाणी पितो. हे उठताना पेन तेवढं उचलतात आणि मला म्हणतात, “सरकारी लिस्ट येतली रे.”

हसतो आम्ही, पण चालती खाण डोळ्यांदेखत थांबलेली ज्याने पाहिली, त्याला ‘कायम’ या शब्दाचं वेड लागलं तर नवल नाही. (आमच्या घरी तरी वेगळं काय बोलतात?)

पुतण्यांना पेन विकत घ्यावं लागत नाही. घरातल्या साऱ्या पिशव्यांवर कंपन्यांची नावं आहेत. मेळावेकरांना आता 44 वं चालू आहे. सरकारी नोकरीला 45 पर्यंत चालतं. पुढचा मेळावा कुठं ते कळलं, तर स्टँडवर निरोप ठेवा. पिशवी देतात का, तेवढं विचारून.