सर मोकळे कधी असतात?

पीएचडी करून ज्ञान मिळत नाही, अशी ओरड अधूनमधून होते. ओरडणाऱ्यांना पीएचडी कशासाठी असते हेच कळलेलं नाही. ज्ञान काय, ग्रंथालयातही मिळतं. सर मोकळे कधी असतात आणि त्यातही सही करण्याच्या मूडमध्ये कधी असतात, हे कळायला मात्र चार-पाच वर्षं घालवावी लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. मनसबीचे स्वारही असेच हुद्द्याप्रमाणे ठरत. कोर्सवर्कमध्ये संशोधनाची नीतिमत्ता हा विषय असतो. तो पास झालं की आपण लिहिलेल्या लेखावर पहिलं नाव सरांचं घालायचं.

खरा अभ्यास पुढेच. संशोधन मान्यता समितीत कोण बसतं, त्यांचं पुस्तक कोणतं, ते संदर्भसूचीत आलं का? (वाचलं नसलं तरी चालतं, त्यांनीही आपला प्रबंध वाचलेला नसतो.) सरांचं विभागप्रमुख मॅडमशी बिनसलेलं असेल तर मॅडमच्या केबिनमध्ये चहा घ्यायचा नाही. सिनेटची निवडणूक लागली की प्रबंध बाजूला ठेवून पदवीधर मतदारांच्या याद्या चाळायच्या. बाहेरचे परीक्षक आले की स्टेशनवर गाडी न्यायची, आणि व्हायवा संभाजीनगरात असेल तर वेरूळ दाखवणं ओघानंच आलं. व्हायवा खुला असतो, कुणीही प्रश्न विचारावा. कुणी विचारत नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्यांचा व्हायवा अजून व्हायचा असतो.

इतकं शिकलेला माणूस तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतो आणि संस्थाचालकांच्या वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून झळकतो, यात कसलं आश्चर्य? 2025 च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. त्यात प्राध्यापक मंडळीच होती. लोकांनी कपाळाला हात लावला. मला त्यात अभ्यासक्रमाची सलगता दिसली.

तेव्हा आता लपवाछपवी कशाला? नव्या शैक्षणिक धोरणात एवीतेवी कौशल्यांना क्रेडिट आहेतच; ‘केबिनबाहेर उभं राहणं’ याला दोन द्यावेत, प्रात्यक्षिकासह. अडचण एकच. पेपर कुणाच्या गटानं काढायचा, यावरून अभ्यास मंडळाची पहिलीच बैठक तहकूब होईल.