सुटणारा सांधा

भिलाईत उकुलेले या इवल्याशा तंतुवाद्याच्या कारागिरीचं कौतुक करणं म्हणजे पैलवानांच्या पंगतीत फुलका वाखाणणं. इथल्या कारखान्यातून 260 मीटर लांबीचे, जोड देऊन केलेले रूळ बाहेर पडतात. अशा गावात सांध्याची परीक्षा एकच: तो सुटता कामा नये, सुटला तर चौकशी समिती! माझं म्हणणं मात्र असं, की जुन्या लाकडी उकुलेलेची खरी करामत त्याच्या सुटणाऱ्या सांध्यात आहे. 1879 साली मानुएल नुनेस आणि त्याचे दोन सुतार सोबती मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायच्या करारावर होनोलुलूला उतरले. उसाचं आणि त्यांचं फार जमलं नाही आणि ते उकुलेले घडवू लागले, हे संगीताचं नशीब. तिथल्या कोआ लाकडाची जेमतेम दोन मिलिमीटरची फळी, आतून दोन-तीन आडव्या पट्ट्या, आणि हे सगळं धरून ठेवायला जनावरांचं कातडं-हाडं शिजवून केलेला सरस, हा अशा जुन्या वाद्यांचा संसार. या सरसाला ऊब आणि ओल मिळाली की तो मुकाट्याने सोडतो. पट्टी निखळली, तर पातळ सुरी कोमट करून कडेने हलकेच सारायची, फळी उचलायची, पट्टी बसवायची, फळी पुन्हा चिकटवायची.

यावर कुणी म्हणेल, असला लेचापेचा सांधा भिलाईच्या मे महिन्यात काय तग धरणार? नाहीच धरणार कदाचित, आणि तेच बरं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं; सांधा फळीपेक्षा हट्टी निघाला, तर तडकते ती फळी. दुसरा आक्षेप जवळच्याच गनियारीतून येईल: महाभारत गाऊन सांगणाऱ्या तीजनबाईंचा तंबुरा पंडवानीत भीमाची गदा होतो, वाद्य असं दणकट हवं! पण ती गदा हवेतच फिरते, दुर्योधनाच्या मांडीला लागत नाही. जुनं म्हणजे गोड, हा दावा मी करणारच नाही. 2010 साली इंडियानापोलिसला डोळ्यांवर काळे चष्मे चढवून घेतलेल्या चाचणीत बऱ्याच वादकांनी जुन्या नामांकित स्ट्रॅडिव्हरीला मागे सारून नवी व्हायोलिनं निवडली होती. तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. मारिओ माकाफेरी हा जातिवंत गिटार-कारागीर, आणि त्यानेच 1949 साली प्लास्टिकचा उकुलेले बाजारात आणला. तो स्वस्त होता, बरा वाजत होता, आणि धडाक्यात खपला. फक्त त्याला तडा गेला, की भिलाईतला निष्णात वेल्डरसुद्धा हात वर करणार.