मुठीचं माप

बॅडमिंटनची रॅकेट घेताना माणूस रंग बघतो, वजन बघतो, तारा बोटाने वाजवून बघतो, कोणता खेळाडू ती वापरतो हेही विचारतो. मूठ तेवढी बघायची राहते. हाताची आणि रॅकेटची गाठ फक्त तिथेच पडते, हे खेळायला लागल्यावर ध्यानात येतं.

मंठ्याच्या बाजारात खुरपं घेणारी बाई असं कधी करणार नाही. ती आधी मूठ धरते, मनगट दोनदा फिरवते आणि बोटांत बसली नाही तर दुकानदार पोलादाचं कितीही कौतुक करो, पुढच्या दुकानाकडे चालू लागते. दिवसभर सोयाबीन तिला निंदायचं असतं, त्याला नाही.

आमच्या इथे सकाळी फक्कीने आखलेल्या उघड्या मैदानावर खेळ चालतो. रॅकेटा कमी, हात जास्त. त्यामुळे एकाच रॅकेटवर कपाशीवाले काका आणि बँकेतले साहेब असे दोन हक्कदार आहेत. काकांच्या पंजात मूठ हरवते. साहेबांची बोटं निमुळती. (नोटा आता मशीन मोजतं, त्यामुळे तीही जाड व्हायला हरकत नाही.) काका संध्याकाळी पट्टी चढवतात, साहेब सकाळी ती सोडतात. परवा साहेबांनी चिडून सगळंच सोललं. वरची ग्रिप निघाली, तिच्याखाली मेडिकलमधली चिकटपट्टी, तिच्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तळाशी अष्टकोनी लाकूड. मूठ मुळात आठ कडांची असते, हे कित्येकांना तेव्हाच कळलं. या कडा शोभेच्या नव्हेत. रॅकेट कोणत्या अंगाने वळली आहे, हे न बघता बोटांना समजावं म्हणून त्या असतात. थरांवर थर चढले की मूठ गरगरीत गोल होते आणि बॅकहँडला अंगठा टेकवायला सपाट जागाच उरत नाही.

हिशेब साधा आहे. पट्टी ०.६ मिलिमीटर जाडीची असेल, तर एका थराने घेर पावणेचार मिलिमीटरपर्यंत वाढतो. ताणून गुंडाळली तर थोडा कमी. जाड करणं असं दहा मिनिटांचं काम. बारीक करायची तर कंपनीची ग्रिप काढून थेट लाकडावर पातळ पट्टी गुंडाळायची, नाहीतर सुतार गाठायचा. म्हणून जाणते लोक मूठ थोडी बारीकच घेतात. पण कंपन्यांचे आकडेही मोठे खट्याळ. योनेक्सच्या रॅकेटवर जी-४ जाड आणि जी-५ बारीक. काकांनी मोठा आकडा बघून जी-५ मागवली होती. सारं रामायण तिथूनच सुरू झालं.

टेनिसवाल्यांनी यातही शास्त्र आणलं. रॉबर्ट निर्शल या अमेरिकन शल्यविशारदाने अनामिकेच्या टोकापासून तळहातावरच्या रेषेपर्यंत मोजून मुठीचा घेर ठरवायची रीत सांगितली. ती रेषा म्हणजे आपल्या ज्योतिष्यांची मस्तकरेषा. पुढे २००६ साली एका अभ्यासात, या मापापेक्षा पाव इंच जाड किंवा बारीक मूठ दिली तरी हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “त्या लोकांनी काकांबरोबर रॅकेट वाटून घेतली नसणार.”

बॅडमिंटनमध्ये तर मूठ आवळून धरायचीच नसते. बोटं सैल ठेवायची आणि फुलाला तार लागते त्या क्षणापुरती मिटायची. मूठ फार जाड असली की बोटांना हलायला वाव नाही. फार बारीक असली की निसटेल या धास्तीने माणूस ती आवळतो. उन्हाळ्यात घाम आला की ही धास्ती दुप्पट. त्यावर टॉवेल ग्रिप निघाली आहे. आमच्याकडे गळ्यातला रुमाल आहे.

तोडही रुमालातूनच निघाली. पट्टी कायम एकच ठेवायची, आणि काकांनी आपल्या पाळीला वरून रुमाल गुंडाळायचा. रविवारी काकांनी असा काही स्मॅश मारला की फुलाच्या मागोमाग रुमालही जाळीपलीकडे गेला. साहेबांनी फूल सोडून रुमाल परतवला. पॉइंट कोणाचा, यावर अजून एकमत नाही.