गोळीचं नाव कुठल्या टोकाला?

औषधाच्या दुकानात दहा गोळ्यांचा पत्ता कात्रीने कापून देतात. सहा मागा, सहा मिळतात. गरिबाच्या खिशाला ते परवडतं, म्हणून कापण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार कापण्याच्या जागेबद्दल आहे. आपल्या हातात येतो त्या तुकड्यावर औषधाचं अर्धं नाव असतं. शेवटची तारीख आणि बॅच नंबर दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. आमच्या खान्देशातल्या शहाद्यात राहणाऱ्याचं यावाचून अडत नाही. गोळ्या संपल्या की रिकामा तुकडा घेऊन त्याच दुकानात जायचं आणि ‘ही द्या’ म्हणायचं. पण मुलगा न्यू जर्सीत आहे आणि आईवडील पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालेत, तेव्हा या तुकड्यांचं काय करायचं?

शहादा-लोणखेड्याकडच्या ज्या घरांतली मुलं बाहेर देशी गेली, तिथे आईवडिलांची बॅग भरताना मी बसतो. कपड्यांना वेळ लागत नाही. औषधांपाशी अख्खी दुपार जाते. एका पिशवीतून बीपीची गोळी निघते, शुगरची निघते, ‘ती जेवणाआधीची पांढरी’ निघते. पांढरी म्हणजे कोणती, हे घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्यांच्या पोटात ती रोज जाते त्या काकूंना ते कळू नये याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, असा नियम 2016 मध्येच झाला. चिठ्ठी मात्र अजून फक्त शेजारच्या मेडिकलवाल्यालाच वाचता येते.

1 ऑगस्ट 2023 पासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की मूळ नाव, कंपनी, बॅच, तारीख सगळं समोर येतं. चांगला निर्णय. पण पत्त्यावर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, आणि खोकं दुकानातच राहतं. सुट्या गोळ्या घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

अमेरिकेत पाहुणा म्हणून जाणाऱ्याने साधारण 90 दिवसांची औषधं न्यावीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह, असं तिथलं सांगणं आहे. तिथे उतरल्यावर राहायची परवानगी मात्र बहुधा सहा महिन्यांची मिळते. उरलेल्या तीन महिन्यांची औषधं मागाहून कुरिअरने, कागदपत्रं जोडून मागवायची. सत्तरीतल्या माणसाच्या रोजच्या गोळीसाठी एवढी यातायात मला पटत नाही. ‘तिकडे विकत घेऊ’ असं मुलं फोनवर सहज म्हणतात. पण शुगरसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड ही दोन्ही औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत. बाकीच्यांसाठी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि जुन्या दुखण्यांचा खर्च प्रवासी विम्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो; ती ओळ पॉलिसीत फार बारीक अक्षरात असते.

इन्सुलिनची काळजी तर घराच्या दारापासून सुरू होते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, आणि मुंबईचं विमान गाठायला आधी रात्रभराची बस. बसच्या डिकीत ते तापतं. विमानात खालच्या सामानात गेलं तर गोठण्याची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणून ते हातातल्या बॅगेतच ठेवा, हे मी प्रत्येक घरात सांगतो. तिकीट काढून देणाऱ्यांनीही सांगायला हवं. ते वजनाचे किलो सांगतात आणि थांबतात.

वर काय आणि खाली काय, याचाही तक्ता कोणी हातात देत नाही. पाऱ्याचं थर्मामीटर हातातल्या बॅगेत चालत नाही; ते त्याच्या डबीत घालून खालच्या सामानात. पॉवर बँक नेमकी उलट, फक्त हातातल्या बॅगेत. सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं, यूएन 1363 या क्रमांकाखाली, म्हणून विमानतळावर काढून घेतात. खसखस दुबईला आणि सिंगापूरला बंदी असलेली वस्तू आहे, आणि तिथे ते प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. खान्देशी मसाला करताना अनेक घरांत दोन्ही भाजून घालतात, आणि परदेशातल्या मुलांची पहिली मागणी त्या मसाल्याचीच असते. अनारसेही खसखशीवरच थापतात. ट्रॅमाडॉलची दुखण्यावरची गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध दुबईला न्यायचं तर आधी परवानगी लागते. गुडघेदुखीच्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे की नाही, हे कापलेल्या पत्त्यावरून कसं कळणार?

हे सगळं नीट होऊ शकतं, हे हजच्या तयारीत दिसतं. मेंदूज्वराची लस सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेणं सक्तीचं, सरकार शिबिरं घेऊन ती टोचतं, आणि यात्रेकरूच्या हातात इंग्रजीत नोंद केलेलं कार्ड येतं. गावातल्या ज्या आजोबांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्यांचाही कागद जेद्दाला वाचला जातो. मुलाकडे निघालेल्या आईवडिलांसाठी एवढंच हवं आहे: एका पानावर आजार, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि खाली सही-शिक्का. दवाखान्यात हे मागितलं की ‘फाईल आहे ना, तीच न्या’ असं उत्तर मिळतं. फाईलमध्ये मागच्या पावसाळ्यातला लघवीचा रिपोर्ट, ईसीजीची पुसट झालेली पट्टी आणि न वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या असतात. ते पान लिहायला डॉक्टरांना दहा मिनिटं लागतील. त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, कोणी नाही म्हणणार नाही. आणि मेडिकलवाल्या भाऊंनी पत्ता दुसऱ्या टोकाकडून कापावा.