एकनाडीचे उपकार

नकाराला माणूस का घाबरतो? अपमान होतो म्हणून, असं बहुतेक जण सांगतील. मला ते उत्तर अर्धवट वाटतं. रिक्षावाला आपल्याला रोज नाही म्हणतो. मान हलवायचेही कष्ट घेत नाही, नुसता वेग वाढवतो. पण त्या दुःखात कुणी जेवण सोडल्याचं ऐकिवात नाही, कारण त्याला आपण नको नसतो, कोथरूड नको असतं. भीती असते ती 'कोथरूडचं काही नाही हो, तुम्हीच नको' हे ऐकण्याची. तेव्हा नकाराची धार घालवायची तर त्याचं कारण माणसाच्या अंगावरून उचलून दुसरीकडे ठेवायला हवं, शक्यतो लांब. मराठी मध्यमवर्गाने ते मंगळावर नेऊन ठेवलं. हा ग्रह जवळात जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. जाब विचारायला तिथे कोण जाणार?

'पत्रिका जुळत नाही' या निरोपाला अंधश्रद्धा म्हणून हसण्याआधी त्याची रचना बघावी. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. म्हणजे बारा घरांपैकी पाच घरं त्याच्या नावावर! ढोबळ हिशेबाने एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, असं जवळजवळ निम्म्या जोड्यांत निघणार. नाड्या तीन, आणि सत्तावीस नक्षत्रं त्यांच्यात नऊ-नऊ वाटलेली. त्यामुळे दर तीन जोड्यांमागे एकीची नाड एक येणार, आणि 36 गुणांतले 8 एका फटक्यात जाणार. दोन्ही धरले तर तीनांतल्या दोन स्थळांना नाही म्हणायची सोय गण, भकूट, गोत्र यांना हात न लावताच होते. एवढा मुबलक साठा योगायोगाने जमला असेल, यावर माझा विश्वास नाही. ज्याने कुणी ही व्यवस्था लावली, त्याला नातेवाइकांचा दांडगा अनुभव असावा. बरं, दार उलट्या बाजूनेही उघडतं. मुलगी पसंत असली, मुलीच्या वडिलांचा फ्लॅट तर फारच पसंत असला, की तोच मंगळ सौम्य होतो, नाडीला चरणभेदाचा अपवाद सापडतो आणि 18 गुण 'भरपूर' ठरतात. निर्णय दिवाणखान्यात कांदेपोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत झालेला असतो. ज्योतिषी फक्त त्याचं टंकलेखन करतो.

हा सरळसरळ खोटेपणा आहे, असा आक्षेप येईल. पण खोटं बोलायला फसणारा लागतो. इथे निरोप देणारा, आणणारा मध्यस्थ आणि ऐकणारा, तिघांनाही खरं काय ते ठाऊक असतं. आणि खरं कारण सांगून मिळणार तरी काय? 'मुलगा हसताना घोड्यासारखा दिसतो' हे कळल्याने त्या मुलाने नेमकी काय सुधारणा करायची? संपादकाने लेख परत करताना 'शेवट लांबला' म्हटलं तर शेवट कापता येतो. परीक्षेत गेलेला विषय एटीकेटी घेऊन पुन्हा देता येतो. तिथे खरं कारण हवंच. जबडा पुन्हा देता येत नाही.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. याच मंगळापायी कित्येक मुलींच्या कपाळी शिक्का बसला, नाही म्हणायचा अधिकार बहुधा मुलाकडच्यांचा आणि पोहे करायचा मुलीकडच्यांचा राहिला. हे शंभर टक्के कबूल. फक्त तिथे काय बिघडलं ते नीट बघायला हवं. सबब वापरणाऱ्यांची जागा सबबीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी घेतली. एका स्थळापुरतं वापरायचं कारण मुलीचा जन्मभराचा दोष झालं. म्हणजे पुन्हा 'तूच नकोस' हेच, तेही शास्त्राधाराने. एकनाड उपकारक ठरते ती कुणीच मनावर घेत नाही तोवर.

आता ॲप आले आणि कारण द्यायची पद्धतच गेली. नकार सुद्धा येत नाही. निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शांतता. ही मोकळी जागा भरायचं काम ज्याला नाकारलं त्याच्यावर येतं, तेही रात्री दीड वाजता. स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करण्यात माणूस इतका तरबेज असतो, की सकाळपर्यंत उंची, केस, पगार, आडनाव आणि शाळेत गणितात पडलेले मार्क असं आरोपपत्र तयार होतं. समोरची व्यक्ती कदाचित फोन चार्जिंगला लावून झोपलेली असते. अशा वेळी पत्रिका न मानणाऱ्यानेही परस्पर एकनाड जाहीर करून टाकावी, असं मी म्हणेन. नोकरीच्या मुलाखतीनंतर शांतता झाली तर कंपनीची आणि आपली एकनाड. प्रकाशकाने सहा महिने फोन उचलला नाही तर त्याला मंगळ, तोही कडक.

नकार देणाऱ्यांच्या बाजूने मात्र या सबबीत एक अडचण आहे. पलीकडच्यांनी आपला ज्योतिषी गाठून पत्रिका पुन्हा दाखवली आणि 31 गुण जुळले, तर? अनुभवी घरांनी त्याचीही तजवीज केलेली आहे. मुलाला अजून दोन वर्षं लग्नच करायचं नाही, असं कळवायचं, आणि साखरपुडा पुढच्या महिन्यात निघाला तर हॉल जरा लांबचा बघायचा.