एक्स लाल झालाय म्हणे!

ऐकलंत का? एक्स लाल झालाय. टी निळा आणि थीटा तर चक्क पिवळाधमक! कुणा रिकामटेकड्या पोरानं वहीत स्केचपेन फिरवलेलं नाही, बरं का. चांगल्या छापील समीकरणांत, लेटेक या गणित छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपोआप! फाइलच्या डोक्यावर एकदा फर्मान लिहायचं, की पुढच्या पानांतला एकही एक्स काळा राहत नाही.

नाद लावला कुणी? यूट्यूबवरच्या थ्रीब्ल्यूवनब्राउननं, म्हणजे ग्रँट सँडरसननं. त्याच्या मॅनिम या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या चिन्हाला कुठला रंग याची यादीच देता येते. दिसतं देखणं, खोटं कशाला बोलू? पण ते बघून एमएस्सीच्या पोरांनाही डोहाळे लागले!

लेटेकच्या पोटातल्या टेकमध्ये तर छुपी वाटच आहे. प्रत्येक अक्षराला एक गणिती कोड असतो. तो षोडशमान पद्धतीत ८००० केला, की समीकरणात शिरताच ते अक्षर स्वतःच आज्ञा बनतं. मग काय, रंगव म्हटलं की रंगवतं. पण अक्कल कुठून आणणार? ‘मॅक्स’च्या शेपटाचा एक्सही लाल! डीएक्समधला डी आणि अंतराचा डी, दोघे एकाच रंगात! आणि बरोबरचं चिन्ह? रंगासाठी त्याला महिरपी कंसात कोंबलं, की टेक त्याला साधं अक्षर समजतं आणि दोन्हीकडची जागाच खाऊन टाकतं. डावी-उजवी बाजू अगदी खेटून उभ्या, चारचौघांत!

कलियुग म्हणू नका हं. १८४७ साली लंडनमध्ये ऑलिव्हर बर्ननं युक्लिडची पहिली सहा पुस्तकं लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत छापवली. आकृत्यांवरची अक्षरं हटवून सिद्धतेच्या ओळींत रंगीत तुकडेच बसवले. आणि आपले भास्कराचार्य? बाराव्या शतकात, ‘बीजगणिता’त, अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक! पण नावापुरतेच हो, शाई फासली नव्हती.

आजची पोरं मात्र फासतात, आणि तीही लाल-हिरवी शेजारी-शेजारी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठ जणांना त्यांतला फरक नीट कळत नाही. झेरॉक्सवाल्याकडे तर सगळेच करडे.

वडीलधारे कान पिळतील वाटलं होतं. कसलं काय! २०२२ साली लेटेकच्या मंडळींनी ‘मॅथकलर’ अशी अधिकृत आज्ञाच देऊन टाकली. वर म्हणे, हिच्यानं जागाही खाल्ली जात नाही!